घरगुती, व्यापारी आणि ‘बघून सांगतो’

निपाणीत नेट हवं असलं की गुंडूआप्पांच्या दुकानात जायचं, आणि तिथं गेल्यावर ‘नेट हवंय’ एवढं सोडून बाकी काहीही बोलायचं. कारण ‘नेट हवंय’ म्हटलं की आप्पा चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कशाला?"

त्या ‘कशाला’त खवचटपणा नसे, खरंखुरं कुतूहल असे, आणि म्हणूनच माणूस जास्त गडबडे. मी हायस्कुलात गणित शिकवते. वर्गात पोरांना उभं करून ‘कशावरून?’ विचारण्यात माझं आयुष्य गेलं, पण मला कुणी असं उभं केलं नव्हतं. मी म्हटलं, "असंच. घरात असावं म्हणून."

"असंच म्हंजे तिसऱ्यात गेलं बगा बाई," असं म्हणून त्यांनी मागच्या पाटीकडे बोट केलं.

पाटी त्यांनी स्वतः रंगवलेली होती. कनेक्शनचे प्रकार तीन : घरगुती, व्यापारी, आणि बघून सांगतो. पहिल्या दोहोंपुढे दर लिहिले होते. तिसऱ्यापुढची जागा कोरी होती, आणि माझ्या अंदाजानं निम्मी निपाणी त्या कोऱ्या जागेतच राहत होती.

आप्पा मूळचे टेलिफोन खात्यातले लाइनमन. पोरवयात खांबावर चढले ते निवृत्त होईपर्यंत उतरले नाहीत, असं त्यांची बायको म्हणे. फोनच्या तारेतून किंचाळत येणारं नेट त्यांनी पाहिलं होतं, मग तांब्याच्या वायरीतलं, मग केबल टीव्हीवाल्यांचं, मग गच्चीवर छत्री लावून हवेतून ओढायचं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःचं लायसन काढलं आणि काचेच्या केसासारख्या वायरीतून गावाला नेट द्यायला लागले. खात्याची खाकी पँट मात्र सोडली नाही. खिशाला एक पेन असे. तो लिहायचा नव्हता. वायरीच्या टोकाला लावला की आतून लाल उजेड धावे आणि वायर जिथं मोडली असेल तिथं लाल ठिपका दिसे. लिहायचा पेन आप्पांना आवडत नसे. अर्ज भरायचा झाला की ते समोर बसलेल्या कुणालाही हुकूम करत.

भाषेचा त्यांचा हिशेब पक्का होता. गिऱ्हाइकाशी मराठी, वरच्या ऑफिसशी कन्नड, आणि यंत्र बंद पडलं की हिंदी. "यंत्राला आपल्या भाषेत शिव्या दिल्या तर घरचं माणूस असल्यावानी वाटतंय," हे त्याचं कारण. हुबळीच्या ऑफिसला फोन लावला की पहिला अर्धा तास ते फक्त ‘आयतु, आयतु’ म्हणजे बरं-बरं म्हणत, आणि शेवटी स्वतःला हवं तेच करून घेत.

तर ‘बघून सांगतो’ म्हणजे खरोखरच घरी येऊन बघून. दोन दिवसांनी संध्याकाळी पाच वाजता आप्पा माझ्या दारात आले. जुनी मोपेड, तिला आडवी बांधलेली शिडी, आणि त्या शिडीखातर अख्ख्या गल्लीनं वाकून दिलेली वाट. बेल त्यांनी वाजवली नाही. उंबऱ्यापाशी उभे राहिले आणि चपला मोजू लागले.

"घरात माणसं किती बाई?"

"मी, आमचे हे, आणि सासूबाई."

"हितं पंचवीस जोड हाईत. सासूबाई सगळ्या घालत्यात?"

"पाहुणे आलेत," मी म्हटलं. त्याच क्षणी आतल्या खोलीतून बावीस आवाजांनी ए अधिक बी कंसाचा वर्ग एका सुरात म्हटला.

"पाव्हणे लई शिकल्याले दिसत्यात," आप्पा म्हणाले आणि मला व्यापारी कनेक्शन देऊन गेले.

आठ दिवस मी त्यांच्यावर धुमसत होते. शिकवणी हा काय व्यापार झाला? मग एक दिवस उसाच्या ट्रॉलीनं आमच्या गल्लीतल्या सगळ्या वायरी ओढून नेल्या. घरगुती कनेक्शनं तिसऱ्या दिवशी लागली. माझं दोन तासांत लागलं, कारण व्यापारीच्या कागदावर तसं वचन लिहिलेलं होतं आणि आप्पा ते शिडीवर उभे राहून पाळत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या पोरांची ऑनलाइन सराव परीक्षा होती. ती झाली. मी त्यांना चहाला थांबा म्हटलं. ते थांबले, आणि चहा पिऊन झाल्यावर खिशातून चार कोरे अर्ज काढून म्हणाले, "बाई, तुमचं अक्षर लई गोल हाय." तेव्हापासून रविवारी मी त्यांची बिनपगारी कारकून झाले.

त्यामुळे पुढच्या पुष्कळ गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या. एकदा तंबाखूचे एक बडे व्यापारी आले. नवं ऑफिस बांधलं होतं, आणि पाव्हण्यांनी बेळगावात घेतली तसली लीज लाइन त्यांना पाहिजे होती. "सगळ्यात भारी द्या आप्पा."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? वट हाय आपली."

आप्पांनी खुर्ची पुढं ओढली. "आसं बगा शेट. घरगुती कनेक्शन म्हंजे कॅनॉलचं पाणी. एका चारीवर पन्नास जणांची पाळी. सकाळी कोण न्हाय तवा धो धो येतंय, संध्याकाळी समद्यांनी दारं धरली की करंगळीएवढी धार. लीज लाइन म्हंजे सोताची हीर. तुमच्याबिगर कोण बादली सोडणार न्हाय, वर जायाचं पाणी आन खाली येयाचं पाणी सारकंच. आता सांगा, तुमचं रान किती?"

व्यापाऱ्यांचं रान म्हणजे त्यांचा फोन, आणि त्यावर रोज सकाळी दोनशे लोकांना जाणारी फुलांची चित्रं. आप्पांनी त्यांना घरगुती कनेक्शन दिलं. ते इतके रागावले की दोन महिने बाजारात सांगत फिरले की गुंडूआप्पा मला गरीब समजतो. आप्पांना ते कळलं तेव्हा त्यांनी निरोप पाठवला की वट दाखवायची असेल तर बोर्ड मोठा लावा, वायर बाहेरून दिसत नाही.

सदलग्याकडच्या एका शेतकरी घरातून तक्रार आली होती की वाय-फायचा डब्बा बसवल्यापासून दोनच दिवस नेट चाललं, मग रेंजच नाही. आप्पा आणि मी गेलो. ओसरीत वायर दिसत होती, ती आतल्या खोलीत गेलेली, आणि तिथं लोखंडी कपाटाच्या फटीतून आत शिरलेली. आजीबाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं. आत लुगड्यांच्या घडीवर, बोरमाळेच्या डबीशेजारी, मऊ टॉवेलात गुंडाळून डब्बा ठेवलेला होता. त्याचे हिरवे दिवे बिचारे टॉवेलातूनच लुकलुकत होते.

"म्हागाची वस्तू हाय न्हवं?" आजी म्हणाल्या. "भाईर ठिवून दिस्ट लागंल."

मी तोंड फिरवून हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी डब्बा दोन्ही हातांत घेतला, टॉवेल सोडला, आणि आजींना म्हणाले, "मावशी, सोनं कपाटात शोभतंय. ह्यो दिव्यावानी हाय. दिवा कपाटात ठेवत्यात व्हय?" मग त्यांनीच देवळीतल्या पणतीच्या वर, भिंतीवर त्याला जागा करून दिली. परतताना मात्र मोपेड रस्त्याच्या कडेला लावून पोट धरून हसले.

ही सगळी मजा. पण आप्पांची खरी परीक्षा कोगनोळीच्या पुढच्या एका मळ्यात झाली.

तिथली वैशाली स्वतः दुकानात आली होती. पुण्याच्या एका कंपनीत विम्याचे दावे तपासायचं काम ती घरात बसून करी. आप्पांनी ‘कशाला’ विचारायच्या आतच ती बोलू लागली, "आप्पा, ऑफिसनं महिनाअखेरपर्यंत मुदत दिलीया. वायरचं नेट दाखवा, न्हायतर पुण्याला या. सासूबाई अंथरुणाला हाईत, लेकरू दोन वर्षांचं. मी जाऊ कशी? आन नोकरी सोडली तर घर चालायचं कसं?"

आप्पा बघायला गेले, अर्थात मलाही नेलं. मळ्यात दोन घरं समोरासमोर होती, मध्ये वीसेक पावलं आणि एक बांध. अलीकडचं घर थोरल्या दादूआण्णांचं, पलीकडचं धाकट्या भावाचं, म्हणजे वैशालीच्या सासऱ्यांचं. हा बांध नुसता दोन भावांचा नव्हता. अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र. वैशालीच्या उंबऱ्यात फोनला महाराष्ट्राचा टॉवर लागे, तुळशीपाशी गेलं की कर्नाटकाचा, आणि मधल्या चार पावलांत बोलणं तुटे. महाराष्ट्राकडच्या कंपन्यांनी एका घरासाठी एवढ्या लांब वायर येणार नाही म्हणून कळवलं होतं. आणि आप्पांच्या लायसनवर बेळगाव जिल्हा लिहिला होता.

"बांध वलांडून वायर टाका की आप्पा," वैशाली म्हणाली. "कोण बघतंय हितं?"

आप्पा बांधावर उभे होते. म्हणाले, "आज न्हाय कोण बगत. उद्या कोण तरी अर्ज करंल, माझं लायसन जाईल, आन सहाशे घरं अंधारात बसतील. वायर न्हाय जायची, पोरी."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आप्पांचा राग आला. आप्पा मात्र समोरच्या घराकडे बघत होते. दादूआण्णांच्या घराची एकच खिडकी बांधाकडे होती, आणि तिला पत्र्याची झडप लावून आतून अडसर घातलेला होता. वाटणीच्या वेळी विहिरीवरच्या मोटारीवरून दोघा भावांचं बिनसलं, त्या दिवशी ती बंद झाली, त्याला अकरा वर्षं झाली होती. भाऊ बोलत नव्हते. दादूआण्णांच्या बायकोचं, तानाक्काचं, मात्र मागच्या बाजूनं जावेकडे जाणंयेणं होतं. भाकरीचं पीठ, औषध, लेकराला काजळ, सगळं नवरा रानात गेला की चाले. त्याच तानाक्का आम्हाला वाटेत गाठून हळूच म्हणाल्या, "आप्पा, माझ्या नावानं द्या कनेक्शन. पण त्या पोरीला बी पावंल असं बगा."

मग आप्पा दादूआण्णांपुढे जाऊन बसले. दादूआण्णा जुने पैलवान, कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली.

"आण्णा, कुस्त्या बगता न्हाय अलीकडं?"

"गुडघं चालत न्हाईत. मैदानाला जातोय कसला?"

"मैदान घरात आणतो की. टीव्हीवर, थेट. घामाचा वास तेवढा यायचा ऱ्हाईल."

दादूआण्णांचे डोळे चमकले, पण अटी आल्याच. "माझ्या भिताडाला भायरनं खिळा मारायचा न्हाय. आन त्येच्या घराकडं वायरीचं शेपूट सुदीक दिसाय नगं."

"आयतु," आप्पा म्हणाले.

त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं, भिंती बोटांनी वाजवल्या, मान हलवली, आणि फिरून फिरून डब्बा आणून ठेवला तो त्या बंद खिडकीच्या फळीवर. टीव्हीपर्यंत नेट पोचलं. मग अगदी सहज, वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "ही खिडकी तेवढी उघडी ठेवाय लागंल आण्णा."

"का म्हून?"

"मशीन तापतंय. वारं लागतंय त्येला. कोंडलं तर वॉरंटी जाती."

मी तानाक्कांच्या नावाचा अर्ज भरत होते, माझा पेन थांबला. दादूआण्णा बराच वेळ डब्ब्याकडे बघत बसले. मग उठले, कोपऱ्यातला हातोडा घेतला, कारण अडसर गंजून बसला होता, आणि चार घाव घालून त्यांनी ती झडप उघडली. धूळ खाली पडली आणि समोर धाकट्याची ओसरी दिसली. दादूआण्णांनी तिकडं पाहिलं नाही. पाठ करून कुस्ती बघायला बसले.

ओसरीवर वैशाली लॅपटॉप घेऊन बसली होती. तानाक्कांनी आधीच पासवर्ड पदराच्या गाठीत बांधून नेऊन दिला होता. थोड्या वेळानं उघड्या खिडकीतून रेंज तिथवर पोचली आणि वैशालीनं लांबूनच दोन्ही हात जोडले.

प्लॅन कुठला द्यायचा यावर आप्पांनी परतताना अर्धा रस्ता विचार केला. घरगुतीत खाली येणारं पुष्कळ आणि वर जाणारं थोडं. वैशालीचं काम वर पाठवायचं. पण व्यापारी म्हणावं तर दारात चपला फक्त घरच्याच. शेवटी त्यांनी दोन्हींच्या मधलं काहीतरी जुळवलं, वरच्या ऑफिसला कन्नडमधून ते पटवलं, आणि मला ते अर्जात कुठल्याच चौकटीत लिहिता येईना.

"आप्पा," मी विचारलं, "तो डब्बा खरंच तापतो?"

"कोंबट हुतोय की जरा."

"आणि वॉरंटी जाते?"

"बाई, पाव्हणे आलेत म्हणून कोण म्हणालतं?"

पुढं दोन वर्षं त्यांनी हा किस्सा टपरीवर, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, जिथं जागा मिळेल तिथं सांगितला. एवढ्या मोठ्या पैलवानाला आपण एका वाक्यात कसं चीत केलं, ते हातवारे करून. मला तो इतका पाठ झाला की ते चुकले तर मी दुरुस्त करी. वैशालीची नोकरी टिकली होती, तिला बढती मिळाली होती. भाऊ काही बोलायला लागले नाहीत. पण खिडकी उघडी होती.

मग आप्पांचे गुडघे गेले. शिडी चढवेना, आणि दुसऱ्याला चढवणं त्यांना पटेना. एका मोठ्या कंपनीनं त्यांच्या सगळ्या लाइनी घेतल्या, आप्पा हुबळीला मुलीकडे जायला निघाले. जाण्याआधी घरोघरी जाऊन लाइनी दाखवून द्यायच्या होत्या. कागद वाचायला मी हवीच होते.

मळ्यावर आम्ही दुपारी पोचलो. कंपनीचे दोन तंत्रज्ञ होते, नवे कोरे टीशर्ट घातलेले, कामात चोख. एकानं डब्बा पाहिला आणि म्हणाला, "अंकल, हा खिडकीत कशाला ठेवलाय? धूळ जाईल. हॉलमध्ये टीव्हीजवळ लावून देतो. खिडकी बंद करून टाका."

आप्पांचा चेहरा उतरला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. समोर ओसरीवर वैशाली कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये बोलत होती. आप्पा पुटपुटले, "न्हाय, त्ये… ते मशीन तापतंय…"

"अंकल, याला काही होत नाही. वारा लागत नाही याला," तंत्रज्ञ हसून म्हणाला आणि त्यानं वायरीला हात घातला. खोटं उघडं पडलं होतं. आता त्या पोरीचं काय, एवढंच माझ्या मनात आलं.

"डबा हलवायचा न्हाय," दादूआण्णा खुर्चीतून म्हणाले.

"पण अंकल, खरंच वारा—"

"म्हाईत हाय मला. पयल्या दिवशीच म्हाईत हुतं. हिरीवरची मोटार चुलीवानी तापतीया, तिला मी दार लावून कोंडून ठेवतोय, तिला कदी काय झालं न्हाय. ह्या वाटीएवढ्या डब्याला कसलं वारं?" मग आप्पांकडे न बघता, जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अकरा वर्सं मला कुणी खिडकी उघड म्हणालं न्हाय. पाव्हणं न्हाय, भावकी न्हाय. ह्यो म्हणाला."

तानाक्का आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. तंत्रज्ञानं वायर सोडून दिली.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दोन वर्सं. दोन वर्सं ह्यो मला येड्यात काढत हुता. आन मी सगळ्या निपाणीत सांगत सुटलोतो."

दादूआण्णा उठले. गुडघ्यांवर हात देत खिडकीपाशी गेले, गजांना धरलं आणि बांधापलीकडे हाक घातली, "वैशालीऽ! गुंडूआप्पा चाललाय हुबळीला. च्या टाक!"

वैशालीनं दचकून वर पाहिलं. तिचा माइक चालूच होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. "व्हय थोरलं मामा!" ती तिथूनच ओरडली. पुण्याच्या त्या मीटिंगमध्ये कुणी काय समजलं असेल कोण जाणे. तिच्या मागं ओसरीत तिचे सासरे येऊन उभे राहिले होते, टोपी हातात घेऊन.

आप्पा पायऱ्या उतरले आणि बांधाकडे निघाले. वीस पावलं, पण गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागत होता. हरल्याचा राग त्यांच्या पाठीवरून दिसत होता, आणि खांदे मात्र हसण्यानं हलत होते. बांधावर चढून त्यांनी एकदा मागं वळून खिडकीकडे बोट नाचवलं, बघून घेतो तुला, अशा अर्थानं. आत दादूआण्णा मांडीवर थाप मारून हसत होते. आप्पांनी मान झटकली आणि ते चहा प्यायला पलीकडे उतरले.